पैसे मोजून भिजणं
इंग्रज माणूस आठवडाभर छताखाली बसून पावसाला नावं ठेवतो आणि शुक्रवारी संध्याकाळी तंबू घेऊन थेट पावसाच्या माहेरी जातो. लेक डिस्ट्रिक्टमधलं सीथवेट हे इंग्लंडमधलं सर्वात ओलं वस्तीचं ठिकाण. वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. तिथेच तंबू ठोकायला शेत, तिथूनच स्काफेल पाइकची वाट. देशातलं सर्वोच्च शिखर, उंची ९७८ मीटर. आपली कळसूबाई १,६४६. शिवाय तिच्या वाटेवर लिंबूसरबत मिळतं, इथे नुसतं धुकं. समोरून येणारा नखशिखांत भिजलेला गृहस्थ ‘हवा छान आहे’ म्हणतो. आपण ‘हो ना’ म्हणायचं.

मनाला येईल तिथे तंबू ठोकू म्हणाल, तर जमीनमालकाची परवानगी हवी. अपवाद डार्टमूरच्या माळरानाचा, तिथला विनापरवानगी तंबू ठोकायचा हक्कही २०२५ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडून टिकवावा लागला. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, पण चिखलात झोपायचं म्हटल्यावर शहाणपणाचा प्रश्न येतो कुठे?

सोमवारी ऑफिसात सगळ्यांना एकच उत्तर: ‘लव्हली!’ तंबू बुधवारपर्यंत न्हाणीघरात वाळत असतो.