आदर्श योगदानकर्त्यास अनावृत पत्र

रा. रा. जिया टान यांस,
सा. न. वि. वि.

ओपन सोर्समध्ये शिरू पाहणाऱ्या पोरांना आम्ही जे जे सांगतो, ते तंतोतंत पाळणारे आपणच. छोट्या कामानं सुरुवात करा, म्हणतो आम्ही. ‘एक्सझेड युटिल्स’ म्हणजे फाइली दाबून लहान करणारं, जवळजवळ प्रत्येक लिनक्सवर बसलेलं सॉफ्टवेअर. ऑक्टोबर २०२१मध्ये आपण त्याला पहिला पॅच, म्हणजे बदलाचा तुकडा, धाडलात, तो एडिटरची मांडणी ठरवणाऱ्या एका फाइलीचा. काय तो विनय!

इतर पोरं रीडमीत एक स्वल्पविराम बदलतात आणि संध्याकाळपर्यंत तो घेतला नाही की रुसतात. आपण दोन वर्षं राबलात. बारीकसारीक दुरुस्त्या केल्यात, आवृत्त्या काढल्यात आणि चक्क टेस्ट लिहिल्यात! त्या कामाला इथं कुणी हात लावत नाही हो. आपल्याला टेस्टच्या फाइलींची एवढी ओढ का, ते मागाहून कळलं.

एक्सझेड सांभाळणारे मेंटेनर लासे कॉलिन एकटे. जून २०२२मध्ये त्यांनी उघड लिहिलं, की मनाची प्रकृती ठीक नाही आणि हे फावल्या वेळचं, बिनपैशाचं काम आहे. तरी कुणी ‘जिगर कुमार’ त्यांच्या मागे लागलेच होते : पॅच पडून राहतात, मेंटेनर बदला. ते आपलंच सोंग होतं असा दाट संशय आहे. निदान नाव तरी दुसरीकडचं घ्यायचंत! ‘हे काम मला द्या’ एवढंच लिहून गायब होण्याबद्दल इकडची भारतीय पोरं आधीच बदनाम आहेत.

एक्सझेडच्या चाव्या आपल्या हाती आल्या आणि फेब्रुवारी २०२४मध्ये त्याची ५.६.० ही आवृत्ती आली. मुद्दाम बिघडवलेल्या नमुन्यांची म्हणून ठेवलेली टेस्ट-फाइल कोण उघडून बघतो? चोरदरवाजा तिथंच दडवलात, थेट एसएसएचपर्यंत, म्हणजे सर्व्हरवर दुरून लॉगिन करण्याच्या वाटेपर्यंत, पोचणारा. त्याच महिन्यात बिल्डच्या एका फाइलीत नुसतं एक टिंब जास्तीचं टाकलंत आणि लँडलॉक नावाची सुरक्षेची तटबंदी गुपचूप निकामी. नवखे टिंबं दुरुस्त करायला येतात. आपली झेप निराळी.

घात केला तो आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस डेटाबेसवाल्यानं. एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, म्हणून हा गृहस्थ खणत बसला आणि २९ मार्च २०२४ला सगळं चव्हाट्यावर. अर्ध्या सेकंदासाठी इतकं खुनशी असावं का माणसानं?

घाण उपसली ती कॉलिन यांनीच; मे महिन्यात ५.६.२ काढली. आता एखाद्या मुलीनं हौसेनं पहिलीवहिली टेस्ट-फाइल पाठवली, की ही कशी बनवली, कशानं बनवली, अशी तिची उलटतपासणी होते. जास्त काम करणारा नवखा दिसला, की लोक आनंदण्याऐवजी दचकतात. आणि थकलेला मेंटेनर मदतीची हाक मारण्याआधी दोनदा विचार करतो.

पत्र पाकिटात घालून धाडणार होतो. पण वर नाव-पत्ता काय लिहायचा, ते अजून कुणालाच ठाऊक नाही.

कळावे.