रद्दीत गेलेल्या 31 डुबक्या

वहिनी, हा कढीपत्ता घ्या आणि जरा भिंतीजवळ या. मोठ्यानं सांगण्यासारखं नाही. मिहीर काल रात्री अंदमानहून आलाय, आणि आल्यापासून माझ्याशी बोलत नाहीये. जेवताना ‘भात’ एवढंच म्हणाला.

दिवाळीच्या आधी आपण रद्दी घातली, आठवतंय? तुमची नि माझी एकदमच तोलली रद्दीवाल्यानं. माझ्या गठ्ठ्यात एक निळी वही होती. पाण्यानं पानं फुगलेली, जागोजागी शिक्के, गिचमिड सह्या. मला वाटलं असेल जुन्या कंपनीचं काहीतरी, दिली टाकून. त्या वहीला म्हणे लॉगबुक म्हणतात, आणि तीत माझ्या लेकाच्या 31 डाइव्ह होत्या.

हसू नका हो! मला काय माहीत? तो तारकर्लीला एमटीडीसीच्या केंद्रात स्कूबा शिकून आला, तेवढं माहीत होतं. तिथं समुद्रात 4 डाइव्ह करून घेतल्या आणि कार्ड दिलं, 18 मीटरपर्यंत जायचं. पुढं मस्कतला नोकरी लागली. मी इथं हा डबा काय खात असेल म्हणून झुरतेय, आणि हा शुक्रवार आला की बोटीनं दैमानियत बेटांकडं! तिथल्या 27. प्रत्येक डुबकीची नोंद: तारीख, जागा, किती खोल, किती मिनिटं, टाकीत सुरुवातीला हवा किती आणि वर येताना किती उरली. खाली जोडीदाराची सही. जोडीदाराला बडी म्हणतात त्यांच्यात.

तर या वेळी मिहीर, सून असे सगळे अंदमानात हॅवलॉकला गेले. आता स्वराज द्वीप म्हणायचं, 2018 पासून नाव बदललंय. तिथं डाइव्हच्या दुकानात गेल्या गेल्या उलटतपासणी. कार्ड कुठलं, एकूण डाइव्ह किती, सगळ्यात खोल कुठवर गेलात, शेवटची कधी. मिहिरनं ऐटीत कार्ड काढलं. कार्डाची काही अडचण नव्हती. त्याला मुदत नसते, आणि हरवलं असतं तरी नाव-जन्मतारखेवरून ज्या संस्थेनं दिलं तिच्याकडं तपासता येतं. पण कार्ड एवढंच सांगतं, की हा मनुष्य एकदा पास झाला होता. माझ्याकडं नाही का 1981 चं टायपिंगचं सर्टिफिकेट, 40 च्या स्पीडचं? बसवा आता मला मशीनवर!

त्यांच्याबरोबर देसाईंचा जावई होता. हे देसाईंच्या कानावर जाऊ देऊ नका हं. तो म्हणाला, मी तीनदा स्कूबा केलंय मालवणला, हा बघा व्हिडिओ. व्हिडिओत हा अंगठा दाखवतोय. पाण्याखाली अंगठा वर केला की ‘मला वर न्या’ असा अर्थ होतो म्हणे, हे त्याला तिथं कळलं! आणि पाठीमागं एक मालवणी पोरगा ह्याची टाकी धरून ह्याला पिशवीसारखा फिरवतोय. मजा येते त्यात, नाही कशाला म्हणू, पण ते शिकणं नव्हे. त्याला नवशिक्यांत घातलं, 12 मीटरच्या आत आणि शिक्षकाच्या हाताशी. बायको नको नको म्हणत असताना हा तीन हजारांचा नवा चष्मा घेऊन गेला होता.

मिहिरला विचारलं, लॉगबुक? मग मला फोन. “आई, कपाटातल्या खालच्या खणात निळी वही आहे, तिचे फोटो पाठव.” वहिनी, माझ्या पोटात गोळा आला. खोटं बोलून काय उपयोग, सांगून टाकलं. पलीकडून बराच वेळ नुसता लाटांचा आवाज.

पण डोकं चालवलं हो पोरानं. मस्कतचा त्याचा एक मित्र, नाशिकचा, अजून तिथंच आहे. तो दर वेळचा बडी. म्हणजे त्याच्या वहीत बडी म्हणून सही कुणाची? मिहिरची! त्या मित्रानं रात्री नऊ पानांचे फोटो धाडले. तारखा, खोली, सह्या, तिथल्या दुकानाचे शिक्के, सगळं जुळलं. दुकानवाल्यानं नीट पाहिलं आणि म्हणाला, छान, पण शेवटची डाइव्ह 2019 ची आहे. उद्या आधी उथळ पाण्यात, मग पुढचं बोलू.

मिहिरला आला राग. आमचे हे पण म्हणतात, पैसे मोजून गेलेल्या माणसाचा असा अपमान करतात का? मी म्हटलं, अहो, अपमान कसला? खाली काही झालं तर ह्याला धरून वर कोण आणणार, तो दुकानवालाच ना? आपण नाही का नव्या ड्रायव्हरला आधी कॉलनीत एक चक्कर मारायला लावत?

आणि झालं काय, ऐका. पाण्यात तरंगू नये म्हणून कमरेला शिसं बांधतात. किती किलो घेता, विचारलं. ह्याला आठवेना. ते लिहिलेलं कुठं? वहीत! तेव्हाचा सडपातळ मिहीर धरून यानं अंदाजे 4 किलो सांगितलं. आता पोट सुटलंय, आणि चरबी तरंगते, म्हणजे जाड माणसाला शिसं जास्त. हा आपला वरच, रिकाम्या घागरीसारखा डुचमळतोय. आणखी 2 किलो बांधले तेव्हा कुठं खाली गेला. मग 5 मीटरवर मास्कमध्ये मुद्दाम पाणी भरून नाकानं फुंकून काढायचं. पहिल्या वेळी नाकात गेलं, दुसऱ्या वेळीही गेलं, तिसऱ्यांदा जमलं. हे सगळं सुनेनं सांगितलं. तो कशाला सांगतोय!

बोटीवर आणखी एक गृहस्थ होते, दीडशे डाइव्ह झाल्या म्हणणारे. त्यांनी टाकीला जाकीटच उलटं बांधलं. गाईडनं चकार शब्द न काढता सोडून नीट बांधलं आणि त्यांना दिवसभर आपल्या शेजारी ठेवलं. दीडशेचा हिशोब कुणी मागितला नाही.

दुसऱ्या दिवशी मात्र मिहिरला 18 मीटरवर नेलं. कासव दिसलं म्हणे. परतीच्या आदल्या दिवशी दुपारीच डुबक्या थांबवल्या. दोन-चार डाइव्ह झाल्या की विमानाआधी निदान 18 तास तरी जाऊ द्यायचे असतात.

आता नवी वही आणलीय. पहिल्याच पानावर क्रमांक 32 घातलाय, 6 किलो शिसं असं दोनदा अधोरेखित केलंय आणि फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवलाय. वही माझ्या देवघराच्या कपाटात, रेशनकार्डाच्या खाली. किल्ली त्यानं स्वतःकडं ठेवलीय, हे जरा लागलं मला.

बरं, तुमच्याकडं त्या रद्दीवाल्याचा नंबर आहे ना? तीन महिने झालेत, पण तुम्हीच लावा फोन. माझा आवाज ऐकला की तो भाव पाडतो.