कतारचा मुलगा, पुण्याचा बिगारी

पुण्यात फ्लॅट घेतलेल्या माणसाला बांधकामातलं सगळं कळतं, फक्त बांधता येत नाही. गळती कुठून येते, प्लास्टरला तडा का जातो, कॉलमात सळई किती कमी घातलीय, हे सगळं मी सोसायटीच्या मीटिंगांत वर्षानुवर्षं सांगत आलोय. त्यामुळे निवृत्तीनंतर नेपाळात भूकंपग्रस्तांची घरं बांधायला जायचा फॉर्म हाती आला, तेव्हा ‘बांधकामाचा अनुभव’ या रकान्यात मी बेधडक ‘दांडगा’ असं लिहून दिलं. सौ. म्हणाली, “आधी बाथरूमची निखळलेली टाइल बसवा.” मी दुर्लक्ष केलं. मोठ्या कामाला निघालेल्यांना एवढं करावंच लागतं.

फॉर्मबरोबर पैसेही भरायचे होते. राहणं, जेवण, विमा, हेल्मेट, हातमोजे आणि वर देणगी. त्या रकमेत एखादा कसलेला गवंडी कितीतरी दिवस कामाला ठेवता आला असता. मजुरी आपणच मोजायची आणि मजूरही आपणच व्हायचं, असा व्यवहार बँकेत जन्म काढूनही माझ्या पाहण्यात नव्हता. पण परंपरा थोर होती. २००६ साली लोणावळ्याजवळ मळवलीला हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटीच्या घरांसाठी अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर स्वतः कामाला उतरले होते, तेही ८२व्या वर्षी. त्यांच्यापुढे मी म्हणजे कोवळा पोरगा.

काठमांडूला उतरल्यावर घड्याळ पंधरा मिनिटं पुढे केलं. हॉटेलातल्या कॅलेंडरावर मात्र २०७४ साल लागलेलं होतं. विक्रम संवत असतो हे ठाऊक होतं, तरी क्षणभर बरं वाटलं, कारण त्या हिशेबाने आमच्या चिरंजीवांचं होमलोन केव्हाच फिटलेलं होतं. इथे सुट्टी शनिवारी आणि रविवारी सगळे कामावर. हे ऐकून आमच्या तुकडीतली मुंबईची मुलगी हळहळली, तेव्हा ड्रायव्हर एवढंच म्हणाला की २५ एप्रिल २०१५चा भूकंप शनिवारी दुपारी बाराच्या सुमाराला झाला, शाळा बंद होत्या, म्हणून पोरं वाचली. पुढे धुलिखेलपर्यंत सुट्टीबद्दल कोणी बोललं नाही.

धुलिखेलनंतर रस्ता संपतो आणि कंबर सुरू होते. काभ्रे जिल्ह्यातल्या त्या डोंगरावरच्या गावात आम्हाला ज्यांचं घर बांधायचं होतं, त्या आमा (म्हणजे आई) सत्तरीच्या. घर पडल्यापासून पत्र्याच्या छपरात राहत होत्या. त्यांनी आम्हाला ओळीने उभं करून पाहिलं. सहा फुटी डच जोडपं, दोन कोरियन कॉलेजकुमार, मुंबईची मुलगी, मी. मग मोडक्या हिंदीत विचारलं, “यांच्यातला डकर्मी कोण?” डकर्मी म्हणजे गवंडी. आम्ही सगळे एकमेकांकडे बघू लागलो.

खरी डकर्मी होती गावातलीच एक तिशीची बाई, भूकंपानंतर प्रशिक्षण घेऊन तयार झालेली. तिने दहा मिनिटांत आमची लायकी जोखली. डच दगड वाहणार, कोरियन माती कालवणार आणि मी ओळंबा धरणार. ओळंबा धरायचा म्हणजे फक्त हलायचं नाही. तेही मला पाच मिनिटं जमलं. तेवढ्यात आमा पाठीवर डोको म्हणजे टोपली, कपाळावर नाम्लोचा पट्टा लावून खालच्या ओढ्यावरून दगडांची खेप घेऊन आल्या. डच गृहस्थांनी ती टोपली उचलून पाहिली आणि आदराने परत ठेवली.

“तरणी माणसं नाहीत का गावात?” मी विचारलं. होती की. आमांचा मुलगा कतारमध्ये होता, शेजारणीचा मलेशियात. मुलगा तिकडे काय करतो? “इमारती बांधतो,” आमा म्हणाल्या. म्हणजे नेपाळचा तरबेज कामगार कर्ज काढून कतारला परक्यांच्या इमारती बांधायला गेलेला, आणि त्याचं घर बांधायला पदरचे पैसे भरून पुण्याहून मी आलेलो. असा हिशेब कुठल्याही ऑडिटरने पास केला नसता.

भिंत मातीत रचलेल्या दगडांची. अशा भिंतीची आतली आणि बाहेरची बाजू हादऱ्यात सुटी होते आणि घर माणसांवर कोसळतं. किल्लारीला १९९३च्या सप्टेंबरात तेच झालं होतं. त्यात भर माळवदाच्या जड मातीची. म्हणून इथे भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड ठरावीक अंतरावर बसवायचे आणि जोत्याशी, खिडकीखाली, खिडकीवर असे आडवे पट्टे घरभर फिरवायचे. हे मला इंजिनियरने नव्हे, आमांनी समजावलं. एखादा दगड आखूड वाटला की त्या काडीने मोजत आणि डकर्मीला तो बदलायला लावत.

एवढी दक्षता का, ते नंतर कळलं. सरकारी अनुदान तेव्हा तीन लाख नेपाळी रुपये होतं. करार झाला की पन्नास हजार. जोतं नियमानुसार झालं, इंजिनियरने तपासलं, तरच पुढचे दीड लाख. भिंती उभ्या राहिल्या, पुन्हा तपासल्या, की उरलेला लाख. मी हे ऐकून ओळंबा खाली ठेवला. आमच्या बिल्डरने तिसरा स्लॅब पडायच्या आत सातव्या स्लॅबचा हप्ता नेला होता, आणि मी त्याला वर पेढे दिले होते.

तपासणीच्या दिवशी डकर्मीने आम्हा सगळ्यांना हिमालय बघायला टेकडीवर पाठवलं. इतका आग्रह तिने आधी कधी केला नव्हता. वर ढग होते, हिमालय नव्हता. खाली मात्र इंजिनियर टेप लावताना स्पष्ट दिसत होता. परतलो तेव्हा जोतं पास झालं होतं आणि आमा चिउरा वाटत होत्या. चिउरा म्हणजे आपले पोहे, पण कोरडेच, फोडणीबिडणी काही नाही. त्याबद्दल माझं मत होतं, पण त्या दिवशी ते मांडलं नाही.

“दाइ, तुमचं घर कितव्या मजल्यावर?” आमांनी विचारलं.

“सातव्या.”

“बांधताना तुम्ही तिथे उभे होतात?”

“नाही. मी बँकेत होतो.”

“मग पट्टे कोणी मोजले?”

मी पोहे चावत राहिलो. आमा डकर्मीला नेपाळीत काहीतरी म्हणाल्या आणि दोघी खूप हसल्या. डकर्मीने अर्थ सांगितला, “आमा म्हणतात, दसैंला मुलगा सुट्टीवर येणार आहे. त्याला पुण्याला पाठवू का, तुमचं घर बघायला? हेल्मेट त्याचं त्याच्याकडे आहे.”