उत्तरदाता क्रमांक बारा

माझी पीएचडी सात वर्षं रखडली होती. बायकोच्या मते आळसामुळे, मार्गदर्शकांच्या मते सैद्धांतिक चौकट ढिली असल्यामुळे. खरं कारण मला २०१४ च्या मे महिन्यात, करवीर तालुक्यातल्या आमच्या गावी, थोरल्या आत्याच्या सोप्यात बसल्यावर कळलं.

विषय होता नवस. लोक नवस का बोलतात, फेडला नाही तर काय होईल असं त्यांना वाटतं, आणि फेडल्यावर गावात त्यांचं वजन वाढतं का. (या 'वजन' शब्दाकडे मी तेव्हाच नीट लक्ष द्यायला हवं होतं.) असल्या विषयाला छापील प्रश्नावली चालत नाही. 'आपण नवस बोलता का? होय, नाही, सांगता येत नाही' असं विचारलं की टक्केवारी हाताला लागते, माणूस निसटतो. त्यासाठी गुणात्मक मुलाखत. समोरच्याला बोलतं करायचं, आपण कमी बोलायचं, आणि प्रश्नाच्या पोटात उत्तर दडवून ठेवायचं नाही. हे सगळं मी दहा वर्षं वर्गात शिकवत होतो. शिकवतो म्हणजे आपल्याला येत असणार, अशी माझी भाबडी समजूत होती.

समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास १९४८ साली म्हैसूरजवळच्या रामपुऱ्यात जाऊन राहिले. पुढे १९७० मध्ये स्टॅनफर्डला लागलेल्या आगीत त्यांची टिपणं जळाली, तरी त्यांनी आठवणीतून त्या गावावर अख्खं पुस्तक लिहिलं. माझी टिपणं आजही शाबूत आहेत. त्यांतून काही निघत नाही, एवढंच.

पहिली अडचण संमतीपत्राची. मुलाखतीआधी माहिती देऊन सही घ्यायची, हा नियम. पहिल्याच घरी कारभाऱ्यांनी कागद उलटसुलट करून बघितला. "जामीन ऱ्हायाचं हाय काय?" म्हणाले. मी संशोधनाची नैतिकता समजावून सांगितली. ते म्हणाले, "सहीचं सोडून बोला. मागं एकाच्या कागदावर केली, तर म्हस गेली."

दुसरी अडचण माझ्या अवताराची. दाढी, चष्मा, खांद्याला झोळी. आदल्याच डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा झालेला. त्यामुळे मी 'नवस' एवढा शब्द उच्चारला की समोरून प्रश्न यायचा, "अंनिसवाले काय?" आणि पाठोपाठ, "आमी न्हाई बाबा असलं काय मानत." हे सांगणाऱ्याच्या डोक्यावरून मला देवळासमोरचं झाड दिसायचं. त्याच्या फांद्यांना नवसाचे लाकडी पाळणे वाऱ्यावर हलत असायचे. मी खुलासा केला की साध्या नवसाला त्या कायद्यानं काही होत नाही. त्यावर एका आजींनी रास्त शंका काढली, "कायद्यात न्हाई, तर मग इचारतोस कशाला?"

पुस्तकं सांगतात की प्रश्न विचारून गप्प बसावं. शांततेनं समोरचा अस्वस्थ होतो आणि मनातलं बोलून जातो. हे ज्यानं लिहिलं त्याला आमच्या गावचे म्हातारे भेटलेले नसणार. शांतता ही त्यांची अडचण नव्हे, जोडधंदा आहे. एका आजोबांसमोर मी अकरा मिनिटं गप्प बसलो. ध्वनिमुद्रणात एक म्हैस, दोन कुकरच्या शिट्ट्या आणि एसटीचा हॉर्न स्वच्छ आलाय. अकराव्या मिनिटाला आजोबा म्हणाले, "बरं हाय. निघा मग."

त्यानंतर मी शांततेचा नाद सोडला आणि दुसऱ्या टोकाला गेलो. नवव्या मुलाखतीतला माझा प्रश्न जसाच्या तसा देतो: "म्हणजे तुम्हाला असं म्हणायचंय का, की नवस हा देव आणि माणूस यांच्यातला एक प्रकारचा सामाजिक करार आहे?" उत्तर: "व्हय." हा मी महत्त्वाचा निष्कर्ष म्हणून लाल शाईनं अधोरेखित केला होता.

गुणात्मक संशोधनात 'संपृक्तता' नावाची एक गोष्ट असते. मुलाखती घेत गेलं की पुढे नवं काही मिळेनासं होतं, मग थांबायचं. २००६ च्या एका गाजलेल्या अभ्यासात हे बाराव्या मुलाखतीच्या सुमारास घडलं. माझ्याकडे ते तिसऱ्यालाच घडलं, कारण सगळेच 'न्हाई मानत' म्हणत होते. तरी मार्गदर्शकांना तोंड दाखवायचं म्हणून मी बाराचा आकडा गाठायचं ठरवलं. बारावी म्हणून उरली थोरली आत्या.

तोवर मला घरच्या माणसाची मुलाखत घ्यायची नव्हती. संशोधकानं तटस्थ असावं. पण इरावतीबाई कर्व्यांच्या 'परिपूर्ती' या लेखात जसं शेवटी पोरं त्यांना आपल्या वर्गातल्या मुलाची आई म्हणून ओळखतात, तसं गावात मी कोणत्या विद्यापीठाचा हे कुणी विचारतच नव्हतं. मी आत्याचा भाचा. तिथं तटस्थता कुठून आणायची?

रेकॉर्डर सुरू केला. घसा खाकरला. "आत्या, नवसाबद्दल तुम्हाला काय वाटतं?"

"मी 'तुम्ही' कवापास्नं झालो?" आत्या म्हणाली. (आमच्याकडच्या बायका 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतात.) "आनि नवसाचं काय इचारतोस? तुझाच ऱ्हायलाय की."

"माझा?"

"तीन वर्साचा हुतास. डांग्या खोकला झालता. काळानिळा पडायचास. मी देवीला बोललो, पोरगं उठून बसू दे, गुळानं तोलीन. उठलास. तवर तुझ्या बापाची बदली झाली. पुण्याला गेलासा ते गेलासाच."

"मग तूच का नाही फेडलास?"

"तोलायला तू नगो व्हय? तुझ्या बदली पायलीभर जोंधळं ठिवू काय ताजव्यात?"

मी लहानपणापासून सुट्टीला गेलो की आत्या मला डोक्यापासून पायांपर्यंत बराच वेळ न्याहाळायची. मला ती माया वाटायची. बाई दरवर्षी अंदाज घेत होती.

"तवा अकरा किलोचा हुतास," ती म्हणाली. "आता बघ, कसं व्याज चढलंय. म्हनून तर तुझं पुस्तक हुईना." 

उत्तरदात्याच्या श्रद्धेवर मत द्यायचं नाही, तिला तिच्या शब्दांत मांडू द्यायचं, हे मला पाठ होतं. मी मान डोलावली. ध्वनिमुद्रणात मात्र माझा आवाज ऐकू येतो: "पण गुळाचा भाव काय चाललाय सध्या?"

तासाभराचं बोलणं उतरवून काढायला चार ते सहा तास लागतात. मी ते काम पुण्यात एका टंकलेखिकेकडे दिलं. आत्याचा आवाज घोगरा, त्यात तोंडात मिश्री, त्यात 'मी बोललो, मी गेलो'. कागद आले तेव्हा वर लिहिलं होतं: 'उत्तरदाता क्रमांक १२, पुरुष, वय अंदाजे ७०.' मी न तपासता पुढे पाठवले. मार्गदर्शकांचा शेरा आला: 'पुरुषांची हळवी बाजू प्रथमच छान आली आहे. संशोधक फार मध्ये बोलतो. हा गुळाचा माणूस कोण, त्याचीही मुलाखत घ्यावी.'

जानेवारीत गुऱ्हाळं जोरात असताना नवस फेडायला गावी गेलो. बायकोनं याला सहभागी निरीक्षण म्हणावं, असं सुचवलं. देवळापुढं सोसायटीचा पोत्यांचा वजनकाटा आणून ठेवला होता. शेजारी ढेपांची थप्पी. आणि भोवती माझे सगळे उत्तरदाते, 'न्हाई मानत'वाले अकराच्या अकरा, पोराबाळांसह, गुळाला पिशव्या घेऊन. म्हैस गेलेले कारभारी ढेपा मोजत होते. गप्प बसणारे आजोबा अखंड बोलत होते: आपल्या थोरल्याला नारळानं कसा तोलला, धाकट्याला केळ्यांनी कसा. माझा रेकॉर्डर झोळीत बंद होता.

मी काट्यावर चढलो. आकडा आला ८६. पोरं ओरडली.

"थांबा," आत्या म्हणाली. "झोळी काढ ती. कागदाला कशापायी गूळ? देवीम्होरं मापात पाप नगो."

झोळीत बाराही मुलाखती होत्या, कोडिंगच्या रंगीत चिठ्ठ्यांसकट. ती मी खाली ठेवली. आकडा ८४ वर आला. गुळवाल्यानं कोपऱ्यातल्या ढेपेचे दोन किलो फोडून परत पोत्यात टाकले.