लाल फ्यूजच्या जागी हिरवा : एका फिटरला खुले पत्र

फिटरभाऊ,

तुमचे नाव मी इथे लिहिणार नाही, दुकानाचेही नाही. नाव छापले तर तुमचे एक दुकान बदनाम होईल आणि तुमच्यासारखेच काम करणारे बाकीचे सुटतील. पण पत्र तुम्हालाच आहे. वडिलांच्या गाडीत नवा रेडिओ बसवताना कंपनीच्या वायरिंगचा कपलर कापून फेकणारे तुम्हीच.

तुमच्या हाताला वेग आहे. सांगितलेला चहा येईपर्यंत जुना सेट बाहेर आणि नवा आत. समोरची फ्रेम कुठे फटही न ठेवता बसवलीत, स्क्रीनवरचे बोटांचे ठसेसुद्धा फडक्याने पुसलेत. गिऱ्हाइकाला जेवढे दिसते तेवढे सगळे झकास. जे दिसत नाही तिथले तुमचे काम परवा एका जुन्याजाणत्या ऑटो इलेक्ट्रिशियनने डॅशबोर्ड उघडून दाखवले.

नव्या सेटमागून दोन पॉवरच्या वायरी येतात. पिवळीत कायम बारा व्होल्ट हवेत, म्हणजे घड्याळ आणि लावलेली स्टेशने लक्षात राहतात. लाल वायरीला चावी फिरवल्यावरच करंट मिळायला हवा, म्हणजे गाडी बंद केली की सेट झोपतो. तुम्ही चावीची लाइन शोधायचे कष्ट घेतले नाहीत. पिवळी आणि लाल एकत्र पिळलीत, कायमच्या लाइनला बांधलीत आणि वडिलांना सांगितलेत, ‘काका, आता चावी काढली तरी गाणी चालू.’ ही सोय म्हणून सांगितलीत! त्या इलेक्ट्रिशियनने बॅटरीच्या निगेटिव्हला मीटर लावला. गाडी बंद, सेट बटणाने बंद, तरी ३०० मिलिअँपिअर वाहत होते. धडधाकट गाडीत हा आकडा ५०च्या आत असतो. ३५ अँपिअर-तासांची बॅटरी अशा गळतीने पाच दिवसांच्या आत पार रिकामी होते, आणि स्टार्टर फिरवण्याची ताकद तर त्याच्या कितीतरी आधी जाते. तुमचे निदान होते, ‘बॅटरी म्हातारी झाली.’ नवी बॅटरीही तुम्हीच विकलीत.

पिळलेल्या तारांवर डाग नाही, क्रिंप नाही, नुसती काळी टेप. उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड किती तापतो ते तुम्ही रोज हाताने अनुभवता. त्या उष्णतेने टेपचा डिंक पाझरला, टेप सुटली, आत दमट हवा शिरली आणि तांब्यावर हिरवा थर चढला. मग जोड ढिला. स्पीडब्रेकरवरून गाडी उतरली की घड्याळ पुन्हा बारावर आणि स्टेशने गायब. अर्थची वायर तुम्ही रंग लावलेल्या ब्रॅकेटच्या स्क्रूखाली खुपसली होती, रंग खरवडलाही नव्हता. म्हणून अ‍ॅक्सिलरेटर दाबला की स्पीकरमधून अल्टरनेटरची शीळ चढत जायची. अँटेनाच्या अँप्लिफायरला करंट देणारी निळी वायर तर जोडलीच नव्हती, तिला टेप गुंडाळून आत कोंबली होती. कुंभार्ली घाट चढायला लागायच्या आधीच एफएम खरखरायचे, आणि तुम्ही सांगायचात, ‘डोंगर आहे, रेंज नाही.’

दमट हवेलाही तुम्ही दोष दिलात. कोकणात पाऊस पडतो हे दुकान थाटताना तुम्हाला माहीत होते.

इथवरचे सगळे मी आळस म्हणून सोडून दिले असते. फ्यूजचे सोडणार नाही.

त्या लाइनला लाल फ्यूज होता, १० अँपिअरचा. पिवळ्या वायरीची एक उघडी तार धक्का बसला की मागच्या लोखंडी ब्रॅकेटला टेकायची आणि फ्यूज उडायचा. तो उडत होता म्हणजे आपले काम चोख करत होता, शॉर्ट शोधा म्हणून सांगत होता. तुम्ही आधी त्याच्या जागी निळा लावलात, १५चा. तोही उडाला तेव्हा हिरवा लावलात, ३०चा, आणि म्हणालात, ‘आता बघा, कधी उडणार नाही.’ फ्यूज रेडिओसाठी नसतो, तो वायरीसाठी असतो. १० अँपिअरसाठी ओढलेल्या बारीक वायरीतून ३० अँपिअर गेले तर करंट तिप्पट, पण उष्णता नऊपट. पुरता शॉर्ट झाला तर तुमचा हिरवाही उडेल. पण तार अर्धवट टेकली आणि २५ अँपिअर वाहू लागले तर तो ढिम्म हलणार नाही, आणि वायरच शेगडीची तार होईल. तिच्या आजूबाजूला प्लास्टिक, फोम, फेल्ट आणि गालिचा. त्या इलेक्ट्रिशियनने वायरीवरचे आवरण दाखवले. एका जागी ते मऊ होऊन चपटे झाले होते, तपकिरी पडले होते.

त्या वायरीच्या मागे, हातभर अंतरावर, माझे वडील बसतात. आई शेजारी असते. सकाळी आकाशवाणीच्या प्रादेशिक बातम्या लावून दोघे कराडला तिच्या डॉक्टरांकडे जातात. रेडिओ बंद पडला की ते स्वतःवरच चिडायचे, आपल्यालाच नवी बटणे कळत नाहीत म्हणायचे. त्यांचा हा समज तुम्ही एकदाही खोडला नाहीत. उलट, ‘काका, सेट जपून वापरा,’ असे बजावलेत. याचा राग मला बॅटरीच्या पैशांपेक्षा जास्त आहे.

कंपनीच्या सॉकेटला बसणारा तयार कपलर मिळतो, दोन-तीनशे रुपयांत. एकही वायर न कापता काम होते. तो घ्या म्हणाला असतात तर वडिलांनी हूं की चूं न करता पैसे दिले असते. तुम्ही विचारलेच नाहीत.

आमची गाडी आता नीट आहे. डाग देऊन, वर श्रिंक नळी चढवून जोड पक्के झाले, लाल वायर चावीच्या लाइनवर गेली, जागेवर पुन्हा १०चा फ्यूज आला. आम्हाला पैसे परत करायला येऊ नका. बिलबुक काढा आणि जिथे जिथे असा हिरवा फ्यूज लावलात त्या मालकांना बोलावून घ्या. फ्यूजबॉक्सच्या झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तकात कुठे किती अँपिअर ते छापलेले असते. तेवढाच लावा, मागचा जोड उघडा, नीट करा, आणि एक रुपया घेऊ नका.

पहिला फोन त्या शाळेच्या व्हॅनवाल्याला करा. तिच्यात तुम्ही माझ्यासमोर सेट बसवला होतात, याच पद्धतीने, आणि ती रोज सकाळी मुले भरून धावते.