तेलाचा सण

ज्यूंच्या पंचांगातही अधिक मास असतो, हे मला तंजावरात मोरीवर कपडे पिळताना कळलं. सांगणारी बॉस्टनची. एकोणीस वर्षांत सात अधिक महिने, त्यामुळे त्यांचा हनुका कधी नोव्हेंबरात येतो, कधी डिसेंबरात. २०१३ साली तो इतका अलीकडे सरकला की २८ नोव्हेंबरला, थेट थँक्सगिव्हिंगच्या गुरुवारीच येऊन बसला. आपल्याकडे दिवाळी आणि पंधरा ऑगस्ट एकाच दिवशी आल्यासारखं. आणि या कपिलाषष्ठीला बॉस्टनकरीण कुठे, तर तंजावरात, हातात ओला टॉवेल धरून. तिचे डोळे टॉवेलपेक्षा फार कोरडे नव्हते.

आम्ही दोघी जवळच्या खेड्यातल्या एका शाळेत स्वयंसेवक होतो. ती इंग्रजी शिकवायची, मी गणित, आणि मुलं आम्हाला तमिळ. राहायला एका तंजावरी मराठी आजींकडे. ‘मराठी घर मिळालं!’ असं मी जळगावला फोन करकरून मिरवलं होतं. पण व्यंकोजीराजांच्या काळात दक्षिणेत उतरलेली ती मराठी साडेतीन शतकं सांबारात मुरलेली. मला आजींचं बोलणं बखरीसारखं वाटायचं, त्यांना माझं बातम्यांसारखं. फारच अडलं की आम्ही दोघी इंग्रजीत शिरायचो आणि दोन मराठी बायकांमध्ये बॉस्टनकरीण दुभाषी व्हायची.

हे परके सण या घरात करायचे का, याचा निकाल आजींनी एका वाक्यात लावला. तंजावरच्या सरफोजीराजांच्या मुदपाकखान्यात विलायती पदार्थ होत असत, ‘शरभेंद्र पाकशास्त्रा’त लिहून ठेवलेत, पोथी सरस्वती महाल ग्रंथालयात आहे, जाऊन बघा. एकदा सरफोजीराजे निघाले की त्या घरात वाद मिटायचा.

थँक्सगिव्हिंगच्या टर्कीला तमिळमध्ये वान्कोळी म्हणतात आणि ती तिथे मिळतेही. पण आजींच्या स्वयंपाकघरात कांदासुद्धा तिथी बघून शिरायचा, तिथे वान्कोळीची काय कथा! राहिला पम्पकिन पाय. भोपळ्याला पाय कुठून आले, हे आजींना समजावण्यात बुधवारची संध्याकाळ गेली आणि ज्यूंचा दिवस आदल्या संध्याकाळीच सुरू होत असल्याने हनुक्याची पहिली रात्र दिव्याविनाच पार पडली. शिवाय घरात ओव्हन नव्हता. तेव्हा मी माहेरचं ज्ञान बाहेर काढलं. म्हटलं, घारगे करू. भोपळा थँक्सगिव्हिंगचा, तळण हनुक्याचं. कारण हनुका मुळात तेलाचा सण. जेरुसलेमचं मंदिर मक्काबी या ज्यू बंडखोरांनी परत मिळवलं, तेव्हा शुद्ध तेल निघालं एका दिवसापुरतं आणि ते पुरलं आठ दिवस. म्हणून आठ रात्री दिवे लावायचे आणि तळलेलं खायचं. इतका समंजस धर्मविधी मी दुसरा पाहिलेला नाही.

आजींना म्हटलं, थोडं डांगर हवंय. आजी आत गेल्या आणि वाटीभर उडदाचं पीठ घेऊन आल्या. आमच्या खानदेशात डांगर म्हणजे लाल भोपळा. त्यांच्याकडे पीठ, दह्यात कालवून पच्चडी करायचं. मी हातांनी मोठा गोल काढून दाखवला. आजींना आधी वाटलं, कोणाला तरी दिवस गेलेत. मग ट्यूब पेटली. “परंगीकाय!” परंगी म्हणजे फिरंगी. फिरंग्यांचं फळ! बॉस्टनकरणीला मी हे सांगितलं तर ती फोडीकडे माहेरचं माणूस भेटल्यासारखी बघत राहिली. भोपळा खरंच अमेरिकेतून आलेला. मिरचीही तिकडचीच, बटाटाही. पण परकेपणाचा शिक्का बसला तो एकट्या भोपळ्यावर.

भोपळा किसता किसता मी तिला कोकणातल्या बेने इस्रायलींबद्दल सांगितलं. मराठी बोलणारे ज्यू, धंदा तेल गाळण्याचा आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने नाव ठेवलं ‘शनवार तेली’. रोश हशानाला ‘नव्याचा सण’ म्हणत, पुरीमला ‘होळीचा सण’, आणि मंदिर पडल्याच्या दुःखाचा उपास तो ‘बिरड्याचा रोजा’. तिने विचारलं, मग हनुक्याला? हनुका त्यांना पूर्वी ठाऊकच नव्हता. त्यांची परंपरा सांगते की त्यांचे पूर्वज तो सुरू होण्याआधीच निघाले. म्हणजे अख्खी जमात तेल्यांची आणि तेलाचाच सण नेमका हुकला! बॉस्टनकरीण इतकी हसली की किसणीवर बोट सोललं.

दिव्यांना कार्तिगैच्या सणातल्या उरलेल्या पणत्या होत्या. आठ ओळीत मांडल्या; नववी शमाश, म्हणजे सेवक, इतरांना पेटवणारी. ती उंचावर हवी, म्हणून कॉफीचा पितळी डवरा पालथा घालून त्यावर बसवली. दुसरी रात्र, म्हणून दोन आणि शमाश मिळून तीनच पेटवायच्या. तिने तशा पेटवल्या, हिब्रूत आशीर्वाद म्हटला. आजी शांतपणे ऐकत होत्या. मग पुढे झाल्या आणि उरलेल्या सहाही पेटवून टाकल्या. तेल-वात घालून मांडलेला दिवा अंधारात ठेवायचा? भर संध्याकाळी?

मला वाटलं, आता धर्मसंकट. पण बॉस्टनकरीण म्हणाली, दोन हजार वर्षांपूर्वी हाच वाद झाला होता. हिल्लेलचा पंथ म्हणे रोज एक वाढवा. शम्मायचा म्हणे पहिल्या रात्री आठ आणि मग रोज एक कमी. हिल्लेल जिंकला.

“शम्मायचं बरोबर होतं,” आजी म्हणाल्या आणि घारगे तळायला गेल्या.

घाणा लागला नल्लेण्णैचा, म्हणजे तिळाच्या तेलाचा. मला शेंगदाण्याची सवय, त्यामुळे पहिला घास घेताना बिचकले. पण घारगे टम्म फुगले होते. दरवळावर शेजारची चार पोरं आली, त्यांची आई आली, मग आईला शोधत वडील. बॉस्टनकरणीने बटाटा किसून लाटके केले, ते आजींनी उपासाचं थालीपीठ म्हणून ओळखले आणि दुसऱ्या दिवशीच्या एकादशीसाठी दोन बाजूला काढून ठेवले. ते घारग्यांच्याच कढईत तळलेत, हे मी सांगितलं नाही.

साडेआठला बरणी तिरपी करून पाहिली, तर तळाला गाळ. जेरुसलेमात एका दिवसाचं तेल आठ दिवस पुरलं. आमचं महिन्याचं एका संध्याकाळी संपलं. मी पिशवी घेऊन निघाले, तोच आजींनी दारातून हाक मारली. एक लिटर नको, दोन आण. अजून सहा रात्री आहेत.