साडेसहा कोटी वर्षं आणि दीड तास

भूशास्त्रज्ञाला काळाचं काही वाटत नाही, असा एक समज आहे. नाशिकच्या पायाखालचा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थिजून तयार झाला. त्यात दोन-चार लाख वर्षांचं मागंपुढं झालं तर या माणसाची भुवईसुद्धा हलत नाही. पण त्याच्या व्यावसायिक विकासाच्या तक्त्यात दीड तासाऐवजी सव्वा तास पडला, तर आयोजकांना तीन ईमेल जातात. हा भूशास्त्रज्ञांमधला नोंदबहाद्दर. तारीख, विषय, आयोजक, तास आणि पुरावा असे त्याचे रकाने. वेबिनार लावून तो खुशाल गवार निवडत बसतो, मात्र उपस्थितांच्या यादीत आपलं नाव शेवटपर्यंत दिसेल याची काळजी घेतो. चर्चासत्राला गेला की आधी प्रमाणपत्र कुठे मिळणार ते विचारतो आणि मग विषय. मार्च उजाडला की तास कमी पडतात, आणि एरवी ज्याकडे तो फिरकणार नाही अशा सागरतळाच्या गाळावरच्या व्याख्यानाला, समुद्र शंभरेक किलोमीटर लांब असूनही, पहिल्या रांगेत बसतो.

यावर कुणी म्हणेल, डॉक्टरही हेच करतात. खरं आहे, महाराष्ट्रात डॉक्टरांना नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांत ३० क्रेडिट गुण दाखवावे लागतात, सनदी लेखापालांनाही तासांचा हिशेब द्यावा लागतो. पण तिथे तास भरले नाहीत तर सनदेवर गदा येते. आपल्याकडे भूशास्त्रज्ञाला तशी कायद्याची सनदच नाही, मग नूतनीकरण कशाचं? १८०७ साली स्थापन झालेल्या लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीची ‘चार्टर्ड’ पदवी ज्याला टिकवायची आहे, त्याचं ठीक. बाकीच्यांचा हा निष्काम कर्मयोग म्हणावा, तर फळाची पीडीएफ जपून ठेवलेली असते. शिवाय लंडनच्या पद्धतीत नुसते तास पुरत नाहीत. काय शिकायचं ठरवलं होतं आणि काय शिकलो, यावर चिंतन लिहावं लागतं. नोंदबहाद्दर त्या जागी ‘अतिशय उपयुक्त’ असं लिहितो. प्रत्येक ओळीत.

माझं म्हणणं इतकंच की हा माणूस नोंद ठेवतो म्हणून हास्यास्पद नाही, तो चुकीच्या गोष्टीची नोंद ठेवतो म्हणून आहे. बेसाल्टमध्ये पाणी सरसकट नसतं. एकसंध कातळात जवळजवळ नसतंच; असतं ते भेगांत, कुजलेल्या मुरमात, दोन लाव्हाथरांच्या सांध्यात. त्यामुळे बांधाच्या अलीकडे बोअरला पाणी आणि पलीकडे नुसता धुरळा, असं सिन्नर-येवल्याकडे सहज घडू शकतं. तो धुरळा उडतो त्या क्षणी भूशास्त्रज्ञ जेवढं शिकतो, तेवढं कुठल्याच वातानुकूलित सभागृहात शिकत नाही. भेग इकडे वळली असावी, हा आपला अंदाज तिथे मोडतो. पण कोरड्या बोअरला तक्त्यात रकाना नाही, आणि तिचं प्रमाणपत्र शेतकऱ्याकडे मागायची कुणाची छाती नाही.

हा रोग आजचा नाही. नाशिकच्याच पांडवलेण्यांत क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने आपल्या कर्तृत्वाचा तक्ता दगडात खोदून ठेवलाय: तीन लाख गाई दान, सोळा गावं दान, वर्षाला लाखभर ब्राह्मणांना भोजन, शिवाय हे लेणं आणि या पोढी, म्हणजे पाण्याची टाकी. (आकडे गोल आहेत, हे चाणाक्षांच्या ध्यानात आलं असेलच.) पण त्याच काळ्या कातळात पाणी कुठून झिरपेल आणि कुठे साठून राहील हे ज्या पाथरवटाने ओळखलं, त्याचं नाव त्या लेखात नाही. दान नोंदलं गेलं, जाण राहून गेली.

मग मोजूच नये काय? असं कसं म्हणता येईल; हा धंदाच नोंदींवर उभा आहे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा १९७२ साली स्थापन झाली आणि ती निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर अशी वर्षातून चारदा मोजते. त्या आकड्यांना किंमत आहे, कारण त्यात विहिरीत पाणी किती खाली गेलं ते लिहितात. मोजणारा काठावर किती वेळ उभा होता ते नाही.

सर्वांत वजनदार आक्षेप शेतकऱ्याच्या बाजूचा आहे. तळहातावर नारळ उभा करणारा पाणाडी आणि विद्युतरोध मोजणारा भूशास्त्रज्ञ, दोघंही शिवारात सारख्याच गंभीर चेहऱ्याने चालतात. कर्ज काढून बोअर घेणाऱ्याने कुणावर भरवसा ठेवावा? प्रमाणपत्रांची चळत पाहून तरी त्याला निवड करता येईल की. युक्तिवाद बिनतोड वाटतो, पण पाणाडीही नोंद ठेवतोच: अमक्याच्या मळ्यात दोन इंची पाणी लावलं, तमक्याच्या द्राक्षबागेला टँकर थांबवला. लागलेल्या बोअर त्याला तोंडपाठ असतात, फसलेल्या तो विसरतो. नोंदबहाद्दराचा तक्ता अगदी याच जातीचा आहे, फक्त त्यावर शिक्का असतो. दहा कोरड्या बोअर आणि त्या का कोरड्या गेल्या याची कारणं स्वतःच्या हाताने लिहिणारा भूशास्त्रज्ञ भेटला, तर शेतकऱ्याला निवड करायला फार वेळ लागणार नाही.

ती कारणं मात्र कुठेतरी लिहिलेली असतात. तमिळनाडूतल्या तिरुचेंगोडहून आलेल्या बोअरच्या गाडीवरचा चालक किती फुटांवर लाल माती आली, कुठे रॉड सटकला, कुठे ओल लागली हे डिझेलच्या पावतीमागे खरडून ठेवतो. नोंदबहाद्दर ती पावती मागून घेतो, मोबाइलवर तिचा फोटो काढतो, चहा पाजून चालकाला खोदून खोदून विचारतो. त्या दिवसाचं खरं शिक्षण झालं ते एवढंच. संध्याकाळी तक्त्यात ओळ पडते: ‘क्षेत्रीय तज्ज्ञाशी विचारविनिमय, एक तास. पुरावा: उपलब्ध नाही.’ आणि पुरावा नाही म्हणून रात्री तो ती ओळ खोडतो.